गुडघा बदलताना रक्त कमी जावं म्हणून देतात ते औषध नेमकं काय करतं?

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर दोन औषधं बहुतेक वेळा दिसतात. ऑपरेशनच्या दिवशी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं. आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवसापासून रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन. नातेवाइकांत कुणी चौकस असेल तर त्याला हे खटकतंच. एकीकडे रक्त थांबवायचं, दुसरीकडे पातळ करायचं, मग करायचंय तरी काय? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि "ते डॉक्टरांना कळतं" यापेक्षा बरं उत्तर त्याला आहे. पण त्यासाठी आधी गुडघ्यातलं रक्त जातं कुठून आणि थांबतं कसं, हे पाहावं लागेल.

रक्त जातं कुठे?

ऑपरेशन चालू असताना पाहणाऱ्याला वाटेल, इथे रक्त जवळजवळ जातच नाही. मांडीला वर टूर्निके बांधलेला असतो. हा हवेने फुगणारा पट्टा साधारण 250 ते 300 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने मांडी आवळून धरतो, त्यामुळे खाली रक्त पोहोचतच नाही. सर्जन कोरड्या सांध्यात काम करतात. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग करवतीने कापला जातो, बऱ्याच ठिकाणी मांडीच्या हाडाच्या पोकळीत सरळ दांडी घालून कापण्याचा कोन ठरवतात, मग धातूचे भाग सिमेंटने बसवतात. सगळे सर्जन टूर्निके वापरतात असं नाही, पण वापरला तर दृश्य हे असं असतं.

खरी गंमत पट्ट्यातली हवा सोडल्यावर सुरू होते. गुडघ्याजवळचं हाड आतून जाळीदार असतं, त्यात मज्जा आणि रक्त भरलेलं असतं. रक्तवाहिनी कापली गेली तर तिला चिमटा लावता येतो, विजेच्या उपकरणाने डागता येतं. कापलेल्या हाडाच्या पृष्ठभागाला चिमटा लावणार कुठे? तो पाझरत राहतो. काही भाग सिमेंटखाली झाकला जातो. दांडी घातलेलं भोक त्याच गुडघ्यातून कापून काढलेल्या हाडाच्या तुकड्याने बुजवतात. तरी पाझर उरतोच, आणि तोवर टाके घालून जखम बंद झालेली असते. पुढचे बारा-पंधरा तास हे रक्त सांध्यात, स्नायूंच्या थरांत, मांडीत आणि पोटरीत झिरपत राहतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय मांडीपासून घोट्यापर्यंत काळानिळा दिसतो आणि घरचे घाबरतात. तो निळेपणा म्हणजे हेच झिरपलेलं रक्त.

डॉक्टर याला लपलेला रक्तस्राव म्हणतात. सक्शनच्या बाटलीत आणि बोळ्यांत दिसतं ते वेगळं, आणि शरीरातच पण रक्तवाहिन्यांच्या बाहेर गेलेलं वेगळं. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात गुडघेरोपणाच्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा एकूण सरासरी दीड लिटरच्या आसपास निघाली आणि त्यातलं जवळपास निम्मं लपलेलं होतं. हे औषध सर्रास वापरलं जाण्याच्या आधीचे आकडे आहेत. प्रौढ माणसाच्या अंगात चार ते पाच लिटर रक्त असतं, हे लक्षात घेतलं की दीड लिटर म्हणजे काय ते कळतं.

हा हिशेब कसा करतात ते एकदा आकड्यांनीच पाहू, कारण पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे. समजा, रुग्ण साठ किलो वजनाच्या बाई आहेत. किलोमागे 65 मिलिलिटर धरले तर त्यांच्या अंगात सुमारे 3,900 मिलिलिटर रक्त. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन 11.5, तिसऱ्या दिवशी 8.6. म्हणजे 2.9 ची घट. ही घट दोन्हींच्या सरासरीने, म्हणजे 10.05 ने भागायची आणि उत्तराला 3,900 ने गुणायचं. साधारण 1,125 मिलिलिटर येतात. सव्वा लिटरला थोडं कमी. ऑपरेशनच्या नोंदीत मात्र याच्या निम्माही आकडा कदाचित नसेल, कारण नोंद बाटलीत दिसलं त्याचीच होते.

8.6 हिमोग्लोबिन असलेल्या माणसाला रक्त चढवलंच पाहिजे असं नाही. हल्ली साधारणपणे 7 ते 8 च्या खाली गेलं, किंवा धाप, छातीत दुखणं, चक्कर अशी लक्षणं दिसली तरच रक्त देण्याचा विचार होतो. हृदयविकार असेल तर मर्यादा जरा वरची. पण 8.6 वर असलेल्या माणसाला उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, व्यायाम नकोसा होतो, आणि ज्या आठवड्यात गुडघा वाकवायला शिकायचं तोच आठवडा पलंगावर जातो. शिवाय सांध्यात साचलेलं रक्त गुडघा ताठर करतं, मांडीचा पुढचा स्नायू त्या सुजेमुळे नीट आवळत नाही, आणि साचलेलं रक्त जंतूंना आयतं खाद्य असतं. रक्त वाचवायचं ते फक्त रक्ताची बाटली टाळण्यासाठी नाही, ते या सगळ्यासाठी.

गुठळी धरणं आणि गुठळी विरघळणं

आता मुख्य मुद्दा. जखम झाली की रक्तातल्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी विणली जाते. ही जाळी म्हणजे पक्की गुठळी. एवढं शाळेत शिकलेलं असतं. जे सहसा सांगितलं जात नाही ते असं, की गुठळी धरायला लागते त्याच वेळी शरीर ती विरघळवण्याचीही तयारी करतं. हे गरजेचंच आहे, नाहीतर एका ओरखड्यापासून सुरू झालेली गुठळी रक्तवाहिनीभर पसरत जाईल. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन निष्क्रिय अवस्थेत फिरत असतं. ते फायब्रिनच्या जाळीला जाऊन चिकटतं, तिथे त्याचं प्लाझ्मिन होतं, आणि प्लाझ्मिन जाळीचे धागे कापायला लागतं.

मोठ्या ऑपरेशननंतर हे विरघळवणं जरा जास्तच जोरात सुरू होतं. दुखावलेल्या ऊती आणि रक्तवाहिन्यांची अस्तरं त्याला चालना देणारे पदार्थ सोडतात. टूर्निकेमुळे पाय तास-दीड तास रक्ताविना राहिलेला असेल, तर पट्टा सोडल्यावर त्या पायात हा जोर आणखी वाढतो. पहिले काही तास तो सर्वांत जास्त असतो. म्हणजे हाडाच्या जाळीत इवल्या इवल्या गुठळ्या धरून पाझर थांबायला हवा, नेमक्या त्याच वेळी त्या गुठळ्या विरघळत असतात. गुडघ्यातून रक्त झिरपत राहण्याचं एक मोठं कारण हे आहे.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड इथे आड येतं. प्लाझ्मिनोजेनवर काही खाचा असतात. फायब्रिनच्या धाग्यावर लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचे जे भाग असतात, ते या खाचांत बसतात आणि त्यामुळेच प्लाझ्मिनोजेन जाळीला चिकटू शकतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा रेणू दिसायला लायसिनसारखाच आहे. तो आधीच खाचेत जाऊन बसतो, कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी तसा. मग प्लाझ्मिनोजेन रक्तात असूनही जाळीला धरू शकत नाही, आणि धरलेली गुठळी टिकून राहते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण या औषधाबद्दलच्या जवळपास सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे. हे औषध रक्त घट्ट करत नाही. जिथे गुठळी नाही तिथे नवी गुठळी तयार करत नाही. शरीराने जखमेवर स्वतः धरलेली गुठळी लवकर विरघळू नये, एवढंच ते पाहतं. म्हणून मोठी धमनी कापली गेली असेल तर या औषधाचा भरवसा नाही, तिथे टाकाच घालावा लागतो. आणि म्हणूनच हाडाच्या बारीक, पसरलेल्या पाझरासाठी ते इतकं चपखल बसतं.

बाळंतपणापासून गुडघ्यापर्यंत

हे औषध नवं नाही. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तुटपुंज्या साधनांत प्लाझ्मिनला अडवणारा पदार्थ शोधायला सुरुवात केली. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. आधी त्यांना लायसिनमध्येच थोडा गुण दिसला, मग त्याच्या जवळचा एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक ॲसिड हा पदार्थ सापडला आणि 1962 मध्ये त्याहून कितीतरी प्रभावी असं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड त्यांनी जगापुढे मांडलं. पुढे कितीतरी वर्षं ते मुख्यतः मासिक पाळीतल्या अति रक्तस्रावासाठी आणि हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) रुग्णांचे दात काढताना वापरलं गेलं. तुमच्या घरात कुणी पाळीच्या त्रासासाठी ही गोळी घेतलेली असण्याची बरीच शक्यता आहे. तेच हे औषध.

गुडघ्याकडे ते 1990 च्या दशकात वळलं. 1996 मध्ये स्वीडनमधल्या माल्मो इथल्या एका छोट्या अभ्यासात, फक्त 86 रुग्णांमध्ये, औषध दिलेल्यांचा रक्तस्राव न दिलेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आला. एवढा ठसठशीत फरक वैद्यकात क्वचित दिसतो. तरीही नेहमीच्या वापरात यायला पुढे दहा-पंधरा वर्षं गेली. गुठळ्यांची भीती हे त्याचं मुख्य कारण. सांधेरोपणात पायाच्या शिरेत गुठळी होणं आणि ती फुप्फुसात जाणं, हा धोका डॉक्टरांच्या मनात आधीपासून घर करून असतो. त्यात गुठळी टिकवणारं औषध द्यायचं, तर हात आखडणारच.

चित्र पालटलं ते अपघातातल्या जखमींवरच्या मोठ्या चाचणीने. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 या चाचणीत चाळीस देशांतले वीस हजारांहून अधिक जखमी होते. औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी झाले आणि गुठळ्यांचे त्रास वाढले नाहीत. 2017 मध्ये वीस हजार बाळंतिणींवरची वुमन चाचणी आली. त्यात रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटले, विशेषतः औषध तीन तासांच्या आत दिलं तेव्हा. उताको ओकामोतो त्याआधीच, 2016 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी गेल्या. ज्या कारणासाठी शोध लावला त्याचा एवढा मोठा पुरावा त्यांच्या पश्चात छापून आला, हे मला नेहमी हळहळ लावतं.

दरम्यान गुडघा आणि खुब्याच्या ऑपरेशनमध्ये शेकडो लहान-मोठ्या चाचण्या झाल्या. त्या सगळ्यांचा सूर एकच आहे. रक्तस्राव कमी होतो, रक्त चढवावं लागणाऱ्यांची संख्या बरीच घटते, आणि शिरेतल्या गुठळ्या वाढलेल्या दिसत नाहीत. अमेरिकेतल्या सांधेरोपण सर्जनांच्या आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 मध्ये एकत्र बसून तशी शिफारस केली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ते द्यायलाच सांगितलं.

कधी, कुठून, किती

हा भाग तपशिलाचा आहे. यातले आकडे समजण्यासाठी आहेत, स्वतः मात्रा ठरवण्यासाठी नाहीत.

वेळेचं गणित आधी. गुठळ्या विरघळण्याचा जोर वाढायच्या आत औषध रक्तात असायला हवं, म्हणून ते चिरा देण्याआधी, टूर्निके फुगवण्याआधी देणं चांगलं. शिरेतून साधारण एक ग्रॅम, किंवा वजनानुसार किलोमागे 10 ते 20 मिलिग्रॅम, दहा-एक मिनिटांत सावकाश. भराभर दिलं तर रक्तदाब खाली येतो. शिरेतून दिलेलं औषध दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे बरेच जण टाके घालताना किंवा तीन तासांनी दुसरा डोस देतात.

दुसरा मार्ग म्हणजे औषध सलाइनमध्ये मिसळून थेट सांध्यात. जखम बंद करण्याआधी ते ओतून थोडा वेळ ठेवतात, किंवा बंद केल्यावर सुईने आत सोडतात. रक्तात कमी जातं आणि हवं तिथे जास्त मिळतं, हा त्यातला विचार. नाइसच्या सूचनेत मूत्रपिंड ठीक असलेल्यांना शिरेतून आणि सांध्यात असं दोन्ही द्यायला सांगितलंय, एकूण मात्रा तीन ग्रॅमच्या आत ठेवून.

तिसरा मार्ग गोळ्यांचा. ऑपरेशनच्या सुमारे दोन तास आधी जवळपास दोन ग्रॅमच्या गोळ्या, घोटभर पाण्यासोबत. साध्या गोळीवर कुणाचा विश्वास बसत नाही, पण तुलना केलेल्या चाचण्यांत ती इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरलेली आहे. पंचाईत एवढीच की ऑपरेशनची वेळ पुढे-मागे झाली की गोळीचा मेळ बसत नाही. तिन्हीत श्रेष्ठ कोण, यावर भरपूर कागद खर्च झालेत आणि निकाल बरोबरीचा आहे. माझ्या मते हा वाद रुग्णाने मनावर घेण्यासारखा नाही. तुमच्या डॉक्टरांच्या टीमला ज्या पद्धतीचा सराव आहे ती चांगली.

मग रक्त पातळ करायचं औषध कशाला?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येता येईल. उत्तर घड्याळात आहे.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसात गुठळ्या विरघळण्याचा जोर असतो. त्यानंतर शरीर उलट्या दिशेला जातं. विरघळवणारी यंत्रणा मंदावते, रक्त गोठण्याकडे कल वाढतो, त्यात पाय सुजलेला आणि हालचाल कमी. पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका या काळात वाढतो आणि काही आठवडे रेंगाळतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड पहिल्या काही तासांसाठी आहे. मूत्रपिंड ठीक असेल तर ते लघवीतून निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा परिणाम जवळजवळ संपलेला असतो. रक्त पातळ करणारं औषध पुढच्या दिवसांसाठी आहे. शिवाय दोघांचं काम वेगळं. पहिलं झालेली गुठळी टिकवतं, दुसरं नको तिथे नवी गुठळी धरू देत नाही. दोन औषधं एकमेकांचं काम उलटवत नाहीत, एक पाळी संपवून निघतं तेव्हा दुसरं कामावर येतं.

म्हणून "मला आधीच रक्त थांबायचं औषध दिलंय, आता पातळ करायची गोळी नको" असं म्हणून ती बंद करणं घातक आहे. असं करणारे लोक असतात, आणि पोटरी दुखून सुजल्यावर परत येतात.

धोके: खरे आणि मानलेले

सुरक्षित आहे म्हणजे कुणालाही, कितीही चालतं असं नाही. 2022 मधली पोइझ-3 ही चाचणी हृदयाव्यतिरिक्तच्या ऑपरेशनांतल्या 9,535 रुग्णांवर झाली. त्यांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे धोके असलेले बरेच जण होते. मोठा रक्तस्राव औषध मिळालेल्यांत 9.1 टक्क्यांना झाला, न मिळालेल्यांत 11.7 टक्क्यांना. हृदयविकार, पक्षाघात, गुठळ्या वगैरे 14.2 टक्के विरुद्ध 13.9 टक्के. फरक नगण्य दिसतो, पण संशोधकांनी आधी आखून घेतलेल्या कडक निकषावर "धोका वाढत नाही" हे पुरतं सिद्ध झालं नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. म्हणून ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा पायात गुठळी झालीय, त्यांच्याबाबत डॉक्टर थांबून विचार करतात. मुळात अशा वेळी गुडघ्याचं ऑपरेशनच पुढे ढकललं जातं. बऱ्याच वर्षांपूर्वी गुठळी होऊन बरी झालेली असेल तर औषध सरसकट टाळलं जात नाही.

जास्त आणि दीर्घकाळ दिलं तर काय होतं, हे दुसऱ्या दोन चाचण्यांत दिसलं. पोटातल्या रक्तस्रावासाठी 24 तास सलग सलाइनमधून देऊन पाहिलेल्या हॉल्ट-इट चाचणीत, 2020 मध्ये, मृत्यू कमी झाले नाहीत आणि शिरेतल्या गुठळ्या 0.4 वरून 0.8 टक्क्यांवर गेल्या. हृदयाच्या ऑपरेशनांत मोठ्या मात्रेने आकड्या येण्याचं प्रमाण 0.1 वरून 0.7 टक्क्यांवर गेलं. गुडघ्यासाठी वापरतात ती मात्रा याच्या मानाने बरीच कमी असते. तरी फिट्सचा इतिहास असेल तर तो सांगायलाच हवा. तसंच मूत्रपिंड अशक्त असेल तर औषध अंगात साठून राहतं, मग मात्रा कमी करावी लागते. मळमळ, पोट बिघडणं हे किरकोळ त्रास गोळ्यांनी जास्त होतात.

यापेक्षा एक वेगळाच धोका मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो औषधाचा नसून टेबलावरच्या ट्रेचा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन बहुधा पाठीतून भूल देऊन होतं. भुलेचं औषध काचेच्या छोट्या ॲम्प्युलमध्ये येतं, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडही तसंच येतं, दोन्ही पाण्यासारखी नितळ, आणि दोन्ही एकाच खोलीत, एकाच तासाभरात लागणारी. चुकून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड पाठीच्या कण्यात गेलं तर असह्य वेदना, झटके आणि हृदयाची लय बिघडणं असा भयानक प्रकार होतो. नोंद झालेल्या घटनांत मृत्यूचं प्रमाण मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये याबद्दल जगभर इशारा दिला. उपाय साधे आहेत. दोन्ही औषधं वेगळ्या जागी ठेवायची, लेबल मोठ्याने वाचायचं, सिरिंजवर नाव चिकटवायचं, आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड पाठीतली भूल देऊन झाल्यावरच खोलीत फोडायचं. इतकं गुणी औषध आणि त्याचा सगळ्यात वाईट अपघात लेबल न वाचल्याने व्हावा, याला काय म्हणायचं!

औषधाने न भागणारी गोष्ट

आपल्या साठ किलोच्या बाईंकडे पुन्हा वळू. औषधामुळे त्यांचा रक्तस्राव 1,125 ऐवजी 700 मिलिलिटर झाला असं धरू. त्याच सूत्राने तिसऱ्या दिवशीचं हिमोग्लोबिन 8.6 ऐवजी 9.6 च्या आसपास येतं. आता दुसरी शक्यता घ्या. औषध दिलंच नाही, पण ऑपरेशनआधी महिना-दोन महिने लोहाचे उपचार करून हिमोग्लोबिन 11.5 वरून 13 वर नेलं. मग तेवढंच 1,125 मिलिलिटर रक्त जाऊनही तिसऱ्या दिवशी 9.7 उरतं. दोन्ही केलं तर जवळपास 10.9. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात सलाइन, वजन, वय यांनी थोडं मागेपुढे होईल. पण आधी हिमोग्लोबिन सुधारणं हे औषधाइतकंच वजनदार आहे, हे त्यातून उघड दिसतं. आणि नेमकं हेच राहून जातं, कारण ऑपरेशनची तारीख आधी ठरते आणि रक्ताची तपासणी चार दिवस आधी होते. चार दिवसांत लोहाची गोळी काहीही करू शकत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन ही घाईची गोष्ट नसते. हिमोग्लोबिन कमी आहे हे कळल्यावर ते का कमी आहे हे शोधायला वेळ मागून घ्यावा. पन्नाशी-साठीनंतर लोह कमी असणं हे कधीकधी आतड्यातल्या रक्तस्रावाचं लक्षण असतं, ते गुडघ्यापेक्षा महत्त्वाचं.

दुसरी बाजू आधीपासून चालू असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. वॉरफेरिन साधारण पाच दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी, रिव्हरॉक्साबान किंवा ॲपिक्साबान दोन-तीन दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन पुष्कळदा चालू ठेवतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने करायचं नाही. हृदयात स्टेंट असेल तर नाहीच नाही. वेदनेसाठी कुणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या गोळ्या, जडीबुटीची चूर्णं, लसूण किंवा जिन्कोच्या कॅप्सूल यांची नावंही सांगावीत. यातल्या काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो आणि त्या केसपेपरवर कधीच लिहिलेल्या नसतात.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी भेटतात तेव्हा सांगायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती का, आणि कधी. झटका, पक्षाघात, स्टेंट. फिट येते का किंवा कधी येत होती का. मूत्रपिंडाचा त्रास, शेवटचा क्रिएटिनिनचा आकडा. रंग ओळखण्यात अलीकडे फरक पडलाय का, कारण या औषधाच्या माहितीपत्रकात तो इशारा असतो. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का. आणि पूर्वी हे औषध घेतलं तेव्हा काही त्रास झाला होता का. विचारायचा प्रश्न मात्र एकच पुरेसा आहे: "मला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देणार आहात ना, आणि देणार नसाल तर का?" "नाही" असं उत्तर आलं तर त्यामागे कारण असायला हवं, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगता यायला हवं.

घरी गेल्यावर पाय काळानिळा दिसला तरी तो हळूहळू हिरवट, मग पिवळसर होत दोन-तीन आठवड्यांत उतरतो. टाक्यांतून रक्त किंवा पाणी येत राहिलं, गुडघा एकाएकी फुगून टणक झाला, पोटरी दुखून तापली, किंवा धाप लागली, छातीत कळ आली, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. धाप आणि छातीत दुखणं असेल तर फोन करत बसण्यापेक्षा थेट तातडीच्या विभागात जावं, आणि जाताना रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं पाकीट सोबत घ्यावं.